बोस, गो आणि शेजारच्या गावचा बैल

लॅटिन भाषेत गाईला आणि बैलाला मिळून एकच शब्द आहे, 'बोस'. (बंगाली आडनावाशी त्याचा काही संबंध नाही; ते 'वसु'चे रूप आहे. हा खुलासा आधीच केलेला बरा, कारण पुढे ध्वनिसाम्याच्या फसवेपणाबद्दलच बोलायचे आहे.) या एवढ्याशा शब्दावरून मराठी समाजमाध्यमांत अधूनमधून जो वाद पेटतो, त्याचा साचा एव्हाना ठरून गेला आहे. एक पक्ष सांगतो की 'बोस' म्हणजे आपला 'गौः'; तो इथून रोमला गेला आणि म्हणून लॅटिन ही संस्कृतची लेक. दुसरा पक्ष हसून विचारतो, 'ग' कुठे आणि 'ब' कुठे. दोन परक्या शब्दांची मोट बांधून अभिमानाची गुढी उभारणे आता पुरे. पहिल्याला शब्दाचे मूळ हवे आहे ते मालकी सांगण्यासाठी, दुसऱ्याला ते नको आहे ते मालकी नाकारण्यासाठी. शब्दाकडे मात्र दोघांपैकी कोणीही पाहत नाही.

माझे म्हणणे असे आहे की दोन्ही पक्ष एकाच समजुतीपायी चुकतात. शब्दाचा इतिहास म्हणजे सातबाराचा उतारा, ज्याचे नाव वर असेल त्याची जमीन, असे दोघांनीही गृहीत धरले आहे. 'गो' आणि 'बोस' एकाच पूर्वजाचे वंशज आहेत, यात आज शंका घेण्यास जागा उरलेली नाही. पण त्यांतला एक दुसऱ्याचा बाप नाही. आणि याहून मोठी गंमत अशी की 'बोस' हा शब्द रोम शहराचा स्वतःचासुद्धा नाही. तो रोमच्या शेजारच्या डोंगराळ मुलखातल्या बोलींमधून, म्हणजे नागर रोमनांनी खेडवळ म्हणून नाक मुरडावे अशा बोलण्यातून, लॅटिनमध्ये शिरला. ही दुसरी गोष्ट वादात कधी येत नाही, कारण ती दोघांपैकी कोणाच्याही उपयोगाची नाही.

पहिल्या पक्षाचे निरीक्षण खोटे नाही हे आधी मान्य केले पाहिजे; खोटा आहे तो निष्कर्ष. संस्कृतात 'गो' चालवताना आपण गौः, गाम्, गवाम्, गोभ्यः अशी रूपे म्हणतो. लॅटिनमध्ये बोस, बोवेम, बोऊम, बोबुस अशी रूपे होतात. षष्ठीच्या अनेकवचनातली 'गवाम्' आणि 'बोऊम' ही रूपे शेजारी ठेवावीत, चतुर्थीच्या अनेकवचनातली 'गोभ्यः' आणि 'बोबुस' शेजारी ठेवावीत. अंग जुळते आणि प्रत्ययही एकमेकांच्या नात्यातले आहेत. लिंगाचेही तसेच. संस्कृतात 'गो' पुल्लिंगी चालवला तर बैल आणि स्त्रीलिंगी चालवला तर गाय. लॅटिनच्या 'बोस'ची रीत हीच, आणि ग्रीकमधल्या 'बूस'चीही हीच. मराठीने ही सोय केव्हाच टाकली. आपल्याकडे गाय, बैल, कालवड, गोऱ्हा, खोंड, वळू अशी ज्याला त्याला स्वतंत्र हाक आहे, आणि लिंग न सांगता बोलायचे तर 'गुरे' म्हणावे लागते. एखादी भाषा दुसरीकडून शब्द उचलते तेव्हा ती विभक्तीची सगळी पेटी बरोबर आणत नाही. आपण 'टेबल' घेतले, पण त्याचे अनेकवचन आपल्याच चालीने केले. तेव्हा अंगातले फेरफार आणि लिंगाची दुहेरी चाल इतक्या दूरच्या भाषांत सारखी सापडते, तिथे केवळ शब्दाची नव्हे तर व्याकरणाचीच जुनी भाऊबंदकी आहे असे मानावे लागते.

दुसऱ्या पक्षाचा आक्षेपही तितकाच रास्त आहे, किंबहुना त्यांना वाटतो त्याहून अधिक. कानाला सारखे लागणे हा पुरावाच नव्हे. फारसीतला 'बद', जो आपल्या बदनाम आणि बदमाश यांत आहे, आणि इंग्रजीतला वाईट या अर्थाचा 'बॅड' हे ध्वनीने आणि अर्थाने जवळजवळ जुळे दिसतात. त्यांचे नाते शून्य आहे. लॅटिनमधला 'देउस' आणि ग्रीकमधला 'थेऑस' या दोहोंचा अर्थ देव. 'देउस' आपल्या 'देव'चा सख्खा भाऊ आहे आणि 'थेऑस' त्या कुळातलाच नाही. मग साम्य जर पुरावा नसेल, तर असाम्य तरी पुरावा कसा होईल? 'ग कुठे आणि ब कुठे' असे विचारणारा माणूस नकळत पहिल्या पक्षाचीच कसोटी वापरतो, फक्त निकाल उलटा लावतो. भाषाशास्त्र ज्या कसोटीवर चालते ती निराळी आहे: दोन ध्वनी सारखे आहेत का हे नव्हे, तर एका भाषेतल्या विशिष्ट ध्वनीच्या जागी दुसऱ्या भाषेत नेमाने तोच तो ध्वनी येतो का, हे तिथे पाहतात.

ही कसोटी बैलाच्या मानेवरच लावून पाहू. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात थोरल्या केटो या रोमन मुत्सद्द्याने शेतीवर जे पुस्तक लिहिले, त्यात तो सांगतो की शेतकऱ्याकडे बैलांच्या, खेचरांच्या आणि गाढवांच्या जितक्या जोड्या असतील तितक्या गाड्या असाव्यात. तिथले त्याचे शब्द आहेत 'युगा बोवेरुम', बैलांच्या जोड्या. यातला 'युगुम' म्हणजे आपले 'युगम्', मराठीतले 'जू', ग्रीकमध्ये 'झुगोन'. संस्कृतचा 'ग' इथे लॅटिनमध्ये 'ग' आहे आणि ग्रीकमध्येही 'ग' आहे. आता त्याच जुवाखालच्या बैलाकडे वळावे. संस्कृतात 'गो', ग्रीकमध्ये 'बूस', लॅटिनमध्ये 'बोस'. 'गम्' धातूचेही असेच होते: ग्रीकमध्ये 'बाइनो', लॅटिनमध्ये 'वेनिओ'. हे शब्द जर संस्कृतातून निघाले असते, तर जुवातला 'ग' जसाच्या तसा पोहोचला आणि बैलातला 'ग' वाटेत 'ब' झाला, असे मानावे लागेल. एकाच मानेवरचे जू आणि त्याखालचा बैल एकाच वाटेने गेले असतील ना? मग एकाच व्यंजनाला दोन न्याय कसे? याचे सरळ उत्तर एकच आहे. मूळ भाषेत इथे दोन वेगळी व्यंजने होती: एक साधा 'ग', आणि एक ओठ गोल करून उच्चारलेला, साधारण 'ग्व' असा. संस्कृतने दोन्ही एकात मिसळले. ग्रीक आणि लॅटिन यांनी तो भेद वेगवेगळ्या वेषांत जपला. जो भेद मुलीकडे आहे आणि तथाकथित आईकडे नाही, तो मुलीने आणला कुठून?

विल्यम जोन्सने २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे केलेले भाषण आपल्याकडे फार उद्धृत होते. संस्कृत ही ग्रीकहून अधिक परिपूर्ण आणि लॅटिनहून अधिक समृद्ध आहे, एवढा भाग अगदी शाळकरी वक्त्यालाही पाठ असतो. त्याच विधानाच्या पुढच्या भागात जोन्स म्हणतो की या तिन्ही भाषा कोणत्या तरी एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नसेल. टाळी पहिल्या अर्ध्या भागाला पडते आणि दुसरा अर्धा भाग वाचलाच जात नाही, हे या वादाचे सव्वादोनशे वर्षांहून जुने दुखणे आहे.

यावर एक खरोखर वजनदार हरकत घेतली जाते, आणि ती हसण्यावारी नेता येणार नाही. ती अशी की ही मूळ भाषा कोणी पाहिलेली नाही, तिचा शिलालेख नाही, ग्रंथ नाही, आणि तिचे शब्द विद्वान मंडळी तारांकित करून छापतात, म्हणजेच ते कल्पित आहेत अशी कबुली देतात. ज्याला साक्षीदार नाही त्या पूर्वजापेक्षा ज्याचे वेद आजही म्हटले जातात तो पूर्वज काय वाईट? हरकतीचा पहिला भाग खरा आहे. पण कल्पित आणि मनःपूत यांत फरक असतो, आणि तो फरक कल्पनेने केलेले भाकीत पुढे खरे ठरते का यावरून कळतो. ग्रीकमध्ये इतिहासपूर्व काळी हा 'ग्व', आणि त्याच्या जोडीचा 'क्व', नांदत असला पाहिजे, असे भाषाशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकापासून म्हणत होते, आणि तोवर उपलब्ध असलेल्या एकाही ग्रीक लेखात तो दिसत नव्हता. १९५२ साली मायकल व्हेन्ट्रिस या वास्तुविशारदाने क्रीट आणि पिलोस येथील मातीच्या पाट्यांवरची रेखीय 'ब' लिपी वाचली आणि ती भाषा ग्रीक निघाली, होमरहून कित्येक शतके जुनी. त्या लिपीत या ओष्ठ्य-कंठ्य व्यंजनांसाठी चिन्हांची स्वतंत्र मालिकाच होती. पुढच्या काळातल्या ग्रीकमध्ये गुराख्याला 'बूकोलोस' म्हणतात. पाटीवर तोच शब्द त्या मालिकेतल्या चिन्हाने सुरू होतो, आणि तो 'ग्वोउकोलोस' असा वाचावा लागतो. (त्यातला 'कोलोस' हा आपल्या 'चर्' धातूचा नातलग आहे, गुरे चारणाराच तो.) जो ध्वनी तारांकित होता तो भट्टीत न भाजलेल्या, केवळ राजवाडे जळताना आगीने टणक झालेल्या मातीत सापडला. असे भाकीत 'सगळे संस्कृतातून निघाले' या मताने आजवर एक तरी करून दाखवले आहे का?

इथे एक जुना दाखला आठवतो, आणि तो आपल्या आजच्या वादाचा आरसाच आहे. मार्कुस टेरेंटिउस वॅरो हा इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला, रोमचा सर्वांत बहुश्रुत गणला गेलेला पंडित. लॅटिन भाषेवरचा त्याचा ग्रंथ २५ खंडांचा होता. त्यातले पाचवा ते दहावा एवढेच खंड आज बऱ्याच अंशी उरले आहेत. पाचव्या खंडात तो गुराढोरांची नावे घेतो आणि सांगतो की 'बोस' हा ग्रीक 'बूस'वरून आला, डुकराचा 'सूस' ग्रीक 'हूस'वरून आणि मेंढीचा 'ओविस' ग्रीक 'ओइस'वरून. त्या काळी लॅटिन ही ग्रीकच्या एओलिक बोलीचीच शाखा आहे असे म्हणणारे विद्वानही होते. कारण उघड आहे: ग्रीक ही प्रतिष्ठेची भाषा होती, तिच्यात जुने काव्य होते, तत्त्वज्ञान होते, आणि आपले घराणे त्या वाड्याशी जोडले गेले तर कोणाला नको असते? साम्य दिसले की प्रतिष्ठित भाषेला आईपण द्यायचे, ही सवय अशी दोन हजार वर्षांची आहे. फक्त वाडा बदलतो. खेदाची गोष्ट ही की वॅरोजवळ खरे उत्तर शोधण्याची सामग्री इतर कोणाहूनही जास्त होती. तो 'रेआते'चा, म्हणजे रोमच्या शेजारच्या डोंगराळ भागातल्या साबीन लोकांच्या मुलखातला माणूस. त्याच ठिकाणी, लगेच पुढे, तो बकऱ्याच्या पिलाबद्दल लिहितो की साबीन लोक त्याला 'फेदुस' म्हणतात, लाटिउमच्या, म्हणजे रोमभोवतालच्या प्रदेशाच्या, खेड्यांत 'हेदुस' म्हणतात आणि शहरात 'हाएदुस'. गावोगावच्या उच्चारांचे इतके नेमके टिपण करणाऱ्या या माणसाने पिलासाठी शेजारच्या गावाकडे पाहिले, आणि बैलासाठी समुद्रापलीकडे.

आता त्या शेजारच्या गावाकडे जाऊ. मूळ 'ग्व' शब्दारंभी आला की लॅटिनमध्ये त्याचा नेमाने 'व' होतो. 'गम्'चा जोडीदार 'वेनिओ', 'जीव'चा जोडीदार 'वीवुस'. या नेमाने बैलाला अस्सल रोमन शब्द 'वोस' असायला हवा होता. तो नाही. उलट रोमच्या उत्तरेकडे, पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे अपेनाइन डोंगरांच्या आसऱ्याने ज्या ओस्कन, उम्ब्रियन वगैरे भगिनीभाषा बोलल्या जात, त्यांत 'ग्व'चा नेमाने 'ब' होतो: 'आला असेल' याला उम्ब्रियन 'बेनुस्त' म्हणते, 'जिवंत' याला ओस्कन 'बिवुस'. तेव्हा 'बोस' हे रूप त्यांच्या घरचे आहे, लॅटिनच्या नाही. आणि हा शब्द एकटा पाहुणा नाही. लांडग्याला संस्कृतात 'वृक', ग्रीकमध्ये 'लुकोस'. मूळ 'क्व'चा लॅटिनमध्ये 'क्व'च राहायला हवा, पण रोमच्या लांडग्याचे नाव आहे 'लुपुस', आणि 'क्व'चा 'प' करणे ही पुन्हा त्या डोंगरी भाषांचीच खोड. लॅटिन 'क्विस' म्हणजे कोण, ओस्कनमध्ये 'पिस'. डुकरिणीचा 'स्क्रोफा' हा शब्दही त्याच्या मधल्या 'फ'मुळे तिकडचाच ठरतो. काही ठिकाणी तर घरचे आणि पाहुणे रूप शेजारी शेजारी नांदते: स्वयंपाकघर 'कोक्वीना', पण रस्त्यावरची स्वस्त खाणावळ 'पोपीना'. गाय, लांडगा, डुकरीण, खाणावळ: रोममध्ये हे शब्द कोणाबरोबर आले असतील याचा अंदाज बांधायला फार विद्वत्ता लागत नाही. टायबरच्या काठी 'फोरुम बोआरिउम' नावाचा गुरांचा बाजार होता. साबीन मुलखातून मिठाचा रस्ता, 'विया सालारिया', थेट शहरात येत होता. गुरे हाकणाऱ्याची हाक आणि गुराचे नाव एकत्रच येतात.

या मतावरही गंभीर आक्षेप आहेत. पहिला असा की इतका मूलभूत शब्द कोणी उसना घेत नाही; घोडा, गाय, आई, पाणी हे घरचेच असतात. ऐकायला हे पटते, पण भाषा असे वागत नाहीत. इंग्रजीने 'ते' हे सर्वनाम आणि अंड्याचा शब्द स्कँडिनेव्हियन भाषेतून घेतला. आपण श्वासाबरोबर आत घेतो ती 'हवा' अरबी, पायाखालची 'जमीन' फारसी, आणि घरातले 'अक्का' नि 'अण्णा' द्राविड भाषांतून आलेले; तरी त्यांवाचून मराठी घराची कल्पना करून पाहावी. दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. प्राचीन कोशकार सांगतात की ओस्कन बोलणारे सॅमनाइट लोक लांडग्याला 'इर्पुस' म्हणत, आणि हिर्पिनी या जमातीचे नाव त्यावरून पडले. मग 'लुपुस' तिकडून आला म्हणायचे, तर तिकडे लांडग्याला दुसराच शब्द होता, याचे काय करायचे? मला वाटते हा आक्षेप 'तिकडे' या शब्दाला एकच गाव समजण्यातून येतो. कोकणातला शब्द आणि वऱ्हाडातला शब्द एकच असतो का? त्या डोंगरात अनेक बोली होत्या, आणि एका बोलीत 'इर्पुस' असल्याने दुसरीतला 'लुपुस' अशक्य होत नाही; मात्र हेही कबूल करतो की लांडग्याचे प्रकरण बैलाइतके साफ नाही. तिसरा आक्षेप वॅरोच्या बाजूचा: 'ब' ग्रीकमध्येही आहे, मग 'बोस' ग्रीकच का नको? एकट्या या शब्दावरून तो पर्याय फेटाळता येणार नाही, पण 'लुकोस'मध्ये 'प' नाही आणि 'पोपीना'चे मूळ ग्रीकमध्ये नाही. एका उत्तराने चार कोडी सुटत असतील, तर प्रत्येक कोड्यासाठी वेगळे उत्तर का हुडकावे? जाता जाता: घरचा 'वोस' टिकला असता तर तो 'तुम्ही' या अर्थाच्या लॅटिन 'वोस'शी, म्हणजे आपल्या संस्कृत 'वः'च्या भावाशी, अक्षरशः एकरूप झाला असता. तो टाळण्यासाठीच रोमनांनी पाहुणा घेतला असे मी म्हणणार नाही, पण 'अहो तुम्ही' आणि 'अहो बैल' यांत फरक उरला नसता हे खरे.

हा शब्द शहरात स्थिरावल्यावर त्याच्या व्याकरणाचे काय झाले, हा भाग मला सर्वांत रसाळ वाटतो, आणि वादात त्याचा उल्लेखही होत नाही. द्वितीयेचे एकवचन घ्यावे. संस्कृतात 'गाम्', 'गवम्' नव्हे, जरी इतर रूपांवरून तसे वाटावे. हे 'गाम्' फार पुराणे आहे, मूळ भाषेतल्या 'ग्वोम्'चे थेट वारस. इटलीत त्याचा भाऊ कुठे सापडतो? मध्य इटलीतल्या गुब्बियो या गावी १४४४ साली सात काशाच्या पाट्या सापडल्याचे सांगतात. त्या उम्ब्रियन भाषेत आहेत आणि त्यांवर तिथल्या पुरोहितमंडळाचे विधी कोरलेले आहेत. एका ठिकाणी आज्ञा आहे: 'बूफ त्रेइफ फेतू', तीन बैल अर्पण करावेत, दुसऱ्या ठिकाणी द्वितीयेचे एकवचन येते, 'बूम'. 'गाम्' आणि 'बूम': अक्षरास अक्षर जुळणारी जोडी. आणि राजधानीच्या, सीझर-सिसेरोच्या भाषेत काय आहे? 'बोवेम', म्हणजे 'बोविस' वगैरे रूपांच्या साच्यावर मागाहून पाडलेले नवे रूप. ज्या अर्थाने आपले शुद्धतावादी 'अपभ्रष्ट' हा शब्द वापरतात, त्या अर्थाने इथे अपभ्रष्ट कोण? गावाने जुने रूप काशात कोरून ठेवले, आणि शहराने ते सोयीसाठी मोडून सरळ केले.

शिवाय शहरालाही आपले रूप कोणते ते नक्की ठाऊक नव्हते. चतुर्थीच्या अनेकवचनात 'बोबुस' आणि 'बूबुस' अशी दोन्ही रूपे चालत. षष्ठीच्या अनेकवचनात कोणी 'बोऊम' म्हणे तर कोणी 'बोवेरुम'. केटोचे 'युगा बोवेरुम' वर आलेच आहे. वॅरोच्या आठव्या खंडात हीच तक्रार नोंदलेली आहे, आणि तिथे तिला जोडी दिली आहे ती ज्यूपिटरच्या नावाची, की त्याच्याही अनेकवचनात काही जण 'योवुम' म्हणतात तर काही 'योवेरुम'. ही जोडी आकस्मिक नाही. ज्यूपिटर म्हणजे 'द्यौः पिता', आणि संस्कृतात 'द्यौः, द्याम्' हे 'गौः, गाम्'सारखेच चालते. आकाश आणि गाय यांचे व्याकरण दोन्ही भाषांत एकाच दावणीला बांधलेले आहे. रोमचे व्याकरणकार या प्रश्नावर दोन गटांत विभागले होते. एक गट म्हणे की भाषेत नियमाचे राज्य असावे आणि अपवाद दुरुस्त करावेत. दुसरा म्हणे की वापर हाच राजा. वॅरोने दोन्ही बाजू मांडल्या आणि मध्यम मार्ग धरला. पुढे क्विंटिलियन या वक्तृत्वाच्या रोमन शिक्षकाने एका वाक्यात निकाल दिला: लॅटिन बोलणे वेगळे आणि व्याकरण बोलणे वेगळे. मला दुसऱ्या गटाचे पटते, पण एका दुरुस्तीसह. अपवाद हा नुसता वापराचा लहरीपणा नसतो. पुष्कळदा तो जुन्या नियमाचा अवशेष असतो. 'गाम्' आणि 'बूम' ही रूपे 'दुरुस्त' केली असती तर दोन भाषांच्या नात्याचा एक उत्तम साक्षीदार आपण स्वतःच्या हातांनी नाहीसा केला असता.

मराठी वाचकाला हे सगळे परके वाटण्याचे कारण नाही, कारण हाच प्राणी आपल्या परंपरेतही याच वादाच्या मधोमध उभा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी शुद्ध आणि अपभ्रष्ट शब्दांचा भेद सांगताना उदाहरण निवडले ते 'गौः'चेच. एका शब्दाचे अनेक अपभ्रंश असतात, असे म्हणून तो यादी देतो: गावी, गोणी, गोता, गोपोतलिका. या यादीतला पहिला 'अपभ्रंश' पाहावा. 'गावी'पासून प्राकृतात 'गाई' आणि तिथून आपली 'गाय'. म्हणजे महाराष्ट्रात आज गोमातेच्या नावाने जी भाषणे होतात, त्यांतला तो नावाचा शब्दच महाभाष्यकाराच्या दृष्टीने टाकाऊ होता. 'गोणी'चा भाऊबंद 'गोण' तर पाली भाषेत बैलाचा नेहमीचा शब्द आहे. बुद्धवचनाच्या भाषेत तो जराही अशुद्ध नाही. तरी पतंजली निव्वळ सोवळा नव्हता. ज्याला घागर हवी तो कुंभाराच्या घरी जाऊन घागर घडवून घेतो, पण ज्याला बोलायचे आहे तो वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द घडवून मागत नाही, हेही त्याच प्रकरणात त्यानेच लिहिले आहे. आपण त्याची यादी पाठ केली आणि कुंभार विसरलो.

म्हणूनच 'बोस आमचा' असे म्हणणाऱ्यांची मला एक विसंगती जाणवते. लॅटिनचे मूळ संस्कृतात शोधणारा तोच माणूस दुसऱ्या दिवशी 'पानी' म्हणणाऱ्याला हसतो, आणि 'आलं, गेलं' लिहिणाऱ्याला शुद्धलेखन शिकवतो. शब्दाच्या इतिहासावर त्याचे खरोखर प्रेम असते, तर रोमच्या प्रमाणभाषेने आपला बैल शेजारच्या खेड्यातून आणला आणि त्याचे तिला कधी काही वाटले नाही, ही गोष्ट त्याने आनंदाने सर्वांना सांगितली असती. त्याच्या विरोधकालाही ती सांगण्यासारखीच होती. 'ग कुठे आणि ब कुठे' या प्रश्नाचे उत्तर 'डोंगराच्या पलीकडे' असे आहे, आणि ते कोणत्याही अभिमानाच्या कामाचे नाही.

प्राणिशास्त्राने हा शब्द आता जगभर नेला आहे. १७५८ साली लिनेअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने युरोपच्या गुरांना 'बोस टाउरुस' आणि आपल्या वशिंडाच्या गुरांना 'बोस इंडिकुस' अशी नावे दिली. खिलार, देवणी, डांगी ही सगळी त्या दुसऱ्या नावाखाली येतात. तिथे 'बोस' पुल्लिंगी धरलेला असल्याने दूध देणारी देवणीसुद्धा कागदोपत्री 'इंडिकुस'च असते, 'इंडिका' नाही. आणि राधानगरीच्या जंगलातला आपला गवा झाला 'बोस गौरुस'. तिथल्या एखाद्या फलकावर वर 'गवा' आणि खाली हे नाव असे लिहिले, तर वरचा शब्द संस्कृत 'गवय'मधून आलेला, 'गो'च्याच कुळातला. खालचा पहिला शब्द त्याच कुळातला, पण उम्ब्रियाच्या वळणाचा. आणि 'गौर' हे तर इथलेच, हिंदुस्थानी लोकांच्या तोंडचे नाव. खास रोम शहरातले म्हणावे असे त्या फलकावर एवढेच आहे: 'गौर'च्या शेवटी चिकटवलेले 'उस'.